केटामिनच्या कपाटाची किल्ली तपासता, तशी सिरिंजही तपासा

प्रति,
मा. उपसंचालक, आरोग्य सेवा, छत्रपती संभाजीनगर मंडळ व लातूर मंडळ,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे जिल्हा शल्यचिकित्सक,
महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण

विषय: ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतील केटामिनचा पुरवठा, साठवण आणि वापर

महोदय,

दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची मळणी सुरू झाली की मळणी यंत्रात आणि कडबाकुट्टीत सापडलेले हात तालुक्याच्या दवाखान्यात येऊ लागतात. थंडीत चुलीवरच्या पाण्याने भाजलेली लेकरं येतात, ऊसतोडीत कोयता लागलेले मजूर येतात. सर्पदंशानंतर सडलेलं कातडं काढायला परत आलेले पेशंट तर पावसाळाभर असतात. यांतल्या बहुतेकांना पंधरा-वीस मिनिटांची भूल पुरते. वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि भुलीचं मशीन असलं तरी ते चालू स्थितीत असेलच असं नाही. अशा जागी शिरेतून किंवा मांडीच्या स्नायूत देता येणारं, दुखणं मारणारं आणि तरीही बहुतेक वेळा श्वास व रक्तदाब सांभाळणारं एकच औषध हाताशी असतं: केटामिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे, आपल्या राष्ट्रीय यादीतही आहे. आम्ही ते रोज वापरतो आणि ते आमच्याकडून काढून घेतलं जाऊ नये म्हणूनच हे पत्र लिहीत आहोत.

नशेसाठी त्याचा गैरवापर होतो हे खरं आहे. २०११ मध्ये ते अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आलं, २०१३ च्या डिसेंबरात औषध नियमांतल्या कडक नियंत्रणाच्या यादीत, शेड्यूल एक्समध्ये, गेलं. तेव्हापासून कुलूपबंद कपाट, वेगळं रजिस्टर, कुपीगणिक हिशेब हे सगळं आलं. ते योग्यच आहे. दीर्घकाळ नशा करणाऱ्यांचं मूत्राशय या औषधाने कायमचं खराब होऊ शकतं, इतकं ते वाईट. पण तपासणीला येणारे अधिकारी रजिस्टर पाहतात, शिल्लक कुप्या मोजतात, सही करतात आणि जातात. कपाटातून निघालेली कुपी सिरिंजमध्ये कशी भरली जाते, तिच्यावर काय लिहिलं जातं, दिल्यानंतर पेशंटपाशी कोण थांबतं, हे विचारायला कोणत्याही तक्त्यात रकाना नाही. पेशंटला जो धोका होतो तो त्या अर्ध्या तासात होतो.

सुरुवात कुपीपासून करतो, कारण आमची सर्वांत महत्त्वाची मागणी तिथेच आहे.

केटामिन दोन ताकदींत मिळतं. एका मिलिलिटरमध्ये १० मि.ग्रॅ. आणि एका मिलिलिटरमध्ये ५० मि.ग्रॅ. दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ, वास नाही, रंग नाही. १० मि.लि.च्या कुप्या दोन्ही ताकदींच्या येतात, म्हणजे एका कुपीत १०० मि.ग्रॅ. आणि तशाच दिसणाऱ्या दुसरीत ५००. वॉर्डातली भाषा मात्र सीसीची, म्हणजे मिलिलिटरची. ‘दोन सीसी केटामिन दे’ या वाक्याचा अर्थ २० मि.ग्रॅ.ही होतो आणि १००ही.

१२ किलोचं एक मूल घ्या, साधारण दोन वर्षांचं, हाताचं भाजलेलं ड्रेसिंग करायचं आहे. शिरेतून १.५ मि.ग्रॅ. प्रति किलो म्हणजे १८ मि.ग्रॅ. १० च्या ताकदीतून ते १.८ मि.लि. होतात. तेच १.८ मि.लि. चुकून ५० च्या कुपीतून भरले तर मुलाला ९० मि.ग्रॅ. जातात, किलोमागे ७.५. श्वास थांबू शकतो, आणि पंधरा मिनिटांत उठायचं मूल काही तास उठत नाही. चुकून पाचपट, दहापट केटामिन गेलेल्या मुलांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ज्यांना वेळेवर मास्क आणि बॅगने श्वास दिला गेला ती मुलं कित्येक तास झोपून नीट उठली. मात्र बॅग हातात असलेला माणूस तिथे असायला हवा. तालुक्याला रात्री दोन वाजता तो असेल हे गृहीत धरता येत नाही.

मग १० चीच ताकद का ठेवू नये? कारण स्नायूत द्यायला ती निरुपयोगी आहे. शीर सापडत नसलेल्या त्याच मुलाला स्नायूत ४ मि.ग्रॅ. प्रति किलो, म्हणजे ४८ मि.ग्रॅ. लागतात. ५० च्या ताकदीत ते एक मि.लि.हून किंचित कमी होतात, १० च्या ताकदीत जवळजवळ पाच मि.लि. दोन वर्षांच्या मुलाच्या मांडीत पाच मि.लि. एका जागी कोणी भरू नये.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. मराठवाड्यातल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांना फक्त एकच माल द्या: ५० मि.ग्रॅ. प्रति मि.लि., २ मि.लि.ची कुपी, एकूण १०० मि.ग्रॅ. १० मि.लि.ची, ५०० मि.ग्रॅ.ची मोठी कुपी मोठ्या थिएटरांसाठी राहू द्या. मोठी कुपी दर मिलिलिटरला स्वस्त पडते हे आम्हाला ठाऊक आहे. तरी हिशेब असा करा: आमच्या १२ किलोच्या मुलाला छोटी कुपी चुकून अख्खी गेली तर किलोमागे ८ मि.ग्रॅ.च्या आसपास जातात, मोठी अख्खी गेली तर ४० च्या वर. पहिल्या चुकीतून बॅग-मास्कने बाहेर काढता येतं. दुसऱ्या चुकीत मूल किती तास उठणार नाही हे आधी सांगता येत नाही. शिवाय मोठी कुपी एकदा टोचली की दिवसभर, कधी आठवडाभर तीच वापरात राहते. तीत कितीदा सुई गेली याचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि शिल्लक राहिलेलं औषध हीच चोरीची पहिली जागा असते. छोटी कुपी एका पेशंटला उघडायची, उरलेलं दोघांसमोर टाकायचं, किती टाकलं ते रजिस्टरला लिहायचं. शेड्यूल एक्सचा हेतूही त्याने जास्त साधतो.

शिरेतून द्यायचं असेल तर एकच कृती सगळीकडे हवी. १० मि.लि.ची सिरिंज घ्यायची, अख्खी कुपी म्हणजे २ मि.लि. ओढायची, वर ८ मि.लि. नॉर्मल सलाईन ओढायचं. थोडी हवा ठेवून सिरिंज पाच-सहा वेळा उलटीपालटी करायची. हे सांगावं लागतं, कारण न हलवलेल्या सिरिंजमध्ये जड औषध एका टोकाला राहतं आणि पहिल्या दोन मि.लि.मध्ये अपेक्षेपेक्षा भलतंच काही जातं. मग हवा काढून चिकटपट्टी लावायची आणि तीवर लिहायचं: ‘केटामिन, १ मि.लि. = १० मि.ग्रॅ.’, वेळ आणि सही. लेबल लिहिल्याशिवाय सिरिंज हातातून खाली ठेवायची नाही. सलाईनने भरलेली तशीच दुसरी सिरिंज त्याच ट्रेमध्ये असते हे लक्षात घ्या. एकदा ही कृती अंगवळणी पडली की डोस काढणं सोपं जातं: वजन गुणिले दीड, आणि आलेल्या मिलिग्रॅमचा दशांश म्हणजे मिलिलिटर.

स्नायूत द्यायचं ते पातळ न केलेलं, एक मि.लि.च्या ट्युबरक्युलिन सिरिंजमधून. इन्सुलिनची सिरिंज इथे कधीही नको. आपल्याकडे ४० युनिटची सिरिंज अजून सर्रास आहे. तिच्यावर, समजा, ०.३६ मि.लि. (५० च्या ताकदीतले १८ मि.ग्रॅ.) म्हणजे साधारण १४ रेघा, १०० युनिटच्या सिरिंजवर ३६ रेघा. घाईत ‘छत्तीसपर्यंत भर’ असं कोणी म्हटलं आणि सिरिंज ४० ची निघाली तर अडीचपट औषध गेलं.

आता औषध नेमकं काय करतं ते सांगायला हवं. वापरातल्या बहुतेक चुका ते न समजल्याने होतात.

अमेरिकेत पार्क-डेव्हिस कंपनीसाठी कॅल्विन स्टीव्हन्स यांनी १९६२ मध्ये हे रसायन तयार केलं. फेन्सायक्लिडीन या आधीच्या औषधाने माणसं तासन्‌तास भ्रमात राहत होती, म्हणून त्याच कुळातलं कमी वेळ टिकणारं काही तरी हवं होतं. १९६४ मध्ये ते पहिल्यांदा माणसांना दिलं गेलं, १९७० मध्ये तिथे परवाना मिळाला. मेंदूत ग्लुटामेट हे निरोप पोचवणारं रसायन ज्या एनएमडीए नावाच्या दारातून काम करतं, त्या दाराच्या आत जाऊन केटामिन बसतं आणि ते बंद करतं. कानाने ऐकलेलं, त्वचेने जाणवलेलं आत पोचतं, पण त्याचा अर्थ लावणाऱ्या भागाशी जोडलं जात नाही. पेशंट झोपलेला नसतो, तुटलेला असतो. म्हणूनच त्याचे डोळे उघडे राहतात, बुबुळं आडवी-उभी थरथरतात, हातपाय संथ हलतात, तो आवंढा गिळतो, कधी पुटपुटतो.

हे दृश्य ज्याला माहीत नाही तो म्हणतो, ‘भूल चढली नाही, अजून अर्धा सीसी दे.’ तालुका पातळीवर केटामिन जास्त जाण्याचं हे सर्वांत मोठं कारण. केटामिनला एक उंबरठा आहे. शिरेतून साधारण १ ते १.५ मि.ग्रॅ. प्रति किलो किंवा स्नायूतून ३ ते ४ गेल्यावर पेशंट तो ओलांडतो. त्यानंतर आणखी दिल्याने भूल जास्त खोल होत नाही, फक्त लांबते. हालचाल थांबवण्यासाठी पुढचा डोस द्यायचा नसतो. जखमेला हात लावल्यावर पेशंट तो हात ओढून घेतो का, चेहरा वेडावाकडा करतो का, कळवळतो का, ते पाहायचं. निर्हेतुक हलणं चालू द्यायचं, हवं तर कोणाला तरी पाय धरायला सांगायचं. काम खरंच लांबलं आणि जाणीव परत येताना दिसली तर पहिल्या डोसच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत पुन्हा द्यायचं.

उंबरठ्याच्या अलीकडचा पट्टा सर्वांत वाईट. किलोमागे ०.१ ते ०.३ मि.ग्रॅ. हळू दिलं तर ते उत्तम वेदनाशामक आहे. ६० किलोच्या माणसाचं मोडलेलं हाड बसवायच्या आधी १२ मि.ग्रॅ. १०० मि.लि. सलाईनमध्ये घालून १५ मिनिटांत सोडलं तर तो बोलत राहतो आणि दुखणं ओसरतं. पण ‘जरा कमीच देऊ, सेफ राहील’ म्हणून ०.५-०.७ दिलं की पेशंट धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. भिंती सरकताना दिसतात, आपलं शरीर आपलं वाटत नाही, आणि तो किंचाळतो. कमी म्हणजे सुरक्षित, हे इथे लागू होत नाही. एक तर वेदनेपुरतं द्यावं, नाही तर पुरतं भुलीचं द्यावं.

शिरेतून दिल्यावर अर्ध्या ते एका मिनिटात परिणाम दिसतो, १० ते १५ मिनिटांत ओसरू लागतो. स्नायूतून तीन ते पाच मिनिटं लागतात आणि वीस-तीस मिनिटं काम करता येतं. स्नायूतून दिलेल्यापैकी ९० टक्क्यांहून जास्त औषध रक्तात पोचतं, म्हणून शीर न मिळालेल्या मुलात त्यावर भरवसा ठेवता येतो. तोंडाने दिलं तर पाचवा हिस्साही पुरता पोचत नाही, यकृत आधीच फोडून टाकतं. पेशंट उठतो तो औषध संपलं म्हणून उठत नाही. चरबीत सहज विरघळणारं हे औषध मेंदूतून निघून स्नायूंत आणि इतरत्र पसरतं म्हणून उठतो. रक्तातून ते निम्मं व्हायला दोन ते तीन तास लागतात. यकृतात त्याचं नॉरकेटामिन होतं, तेही मूळ औषधाच्या तिसऱ्या-पाचव्या हिश्शाने काम करतं. म्हणून एका डोसने पेशंट लवकर उठतो, पण चार वेळा ‘टॉप-अप’ दिलेला तासन्‌तास गुंगीत राहतो.

शिरेतून देताना एक मिनिट लावायचं. घड्याळ पाहून लावायचं, कारण साठ सेकंद हातात सिरिंज धरल्यावर फार लांब वाटतात. भसकन ढकललं तर मेंदूत एकदम मोठी लाट जाते आणि श्वास थांबतो. केटामिनमध्ये श्वास थांबण्याच्या बहुतेक घटना याच्याच आहेत. थांबला तर घाबरून नळी घालायला धावू नये. हनुवटी पुढे उचलायची, मास्क लावायचा, बॅगने हळू श्वास द्यायचे, मिनिट-दोन मिनिटांत पेशंट स्वतः श्वास घेऊ लागतो.

‘केटामिनमध्ये श्वासनलिका सुरक्षित राहते’ हे वाक्य आम्ही फार ऐकतो आणि त्याचा भलता अर्थ लागलेला पाहतो. गिळण्याची आणि खोकल्याची प्रतिक्रिया शिल्लक राहते, पण उलटी फुफ्फुसात जाणार नाही इतकी ती शाबूत असेल असं समजू नये. घन अन्नानंतर सहा तास, आईच्या दुधानंतर चार, साध्या पाण्यानंतर दोन हा उपाशी ठेवण्याचा नियम केटामिनलाही लागू आहे. जीव वाचवायला थांबता येत नसेल तर गोष्ट वेगळी, पण मग सक्शन चालू करून उशीपाशी ठेवायचं.

लाळ वाढते. तिच्यासाठी प्रत्येकाला लाळ सुकवणारं ग्लायकोपायरोलेट द्यायची गरज नाही असं आमचं मत आहे. लांबणाऱ्या कामात, तोंडातल्या कामात किंवा आधीच सर्दीने भरलेल्या मुलात मात्र द्यावं. तीच लाळ किंवा रक्ताचा थेंब स्वरयंत्रावर पडला की लॅरिंगोस्पॅझम होतो, म्हणजे स्वरयंत्र आवळून बंद होतं. मुलांमध्ये हजारात तीनेक वेळा. आकडा लहान आहे, पण त्या तीन मुलांसाठी तयारी रोज लागते. छाती आत ओढली जाते, पोट फुगतं, आवाज मात्र येत नाही. काम थांबवायचं, तोंड साफ करायचं. दोन्ही कानांच्या पाळ्यांमागे, जबडा आणि मागचं हाड यांच्यामधल्या खाचेत बोटं रोवून जबडा जोरात वर-पुढे उचलायचा. मास्क घट्ट बसवून पूर्ण ऑक्सिजनसह बॅगचा दाब धरून ठेवायचा. एवढ्याने बहुतेक वेळा सुटतं. नाही सुटलं तर स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन शिरेतून किलोमागे १ मि.ग्रॅ., शीर नसेल तर स्नायूत ४. नाडी मंदावते, म्हणून ती वाढवणारं अ‍ॅट्रोपिन भरलेलं हवं.

सक्सिनिलकोलीन २ ते ८ अंशांत, फ्रिजमध्ये राहावं लागतं. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि दुपारी वीज जाते. फ्रिजच्या दारावर तापमानाचा तक्ता लावायला ५० रुपयांची वही पुरते. नाही तर ते औषध पाण्यासारखं निकामी झालेलं लक्षातच येत नाही, नेमकं लागतं तेव्हा कळतं. केटामिन फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, पण पत्र्याखालच्या स्टोअरमध्येही नाही. उजेडापासून दूर, लेबलवर लिहिलेल्या तापमानाच्या आत ठेवा. आणि ज्याने कीटकनाशक घेतलं आहे आणि ते ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलं असेल, तर सक्सिनिलकोलीनचा परिणाम मिनिटांऐवजी तासांत मोजावा लागतो, कारण ते औषध फोडणारं एन्झाइमच विषाने बंद पडलेलं असतं. आपल्या भागात हे विसरून चालत नाही.

कोणाला देऊ नये याचीही आपल्या मुलुखाची यादी वेगळी आहे. केटामिन शरीरातली अ‍ॅड्रेनालीनसारखी द्रव्यं परत शोषू देत नाही, म्हणून नाडी आणि रक्तदाब वाढतो. दम्याच्या पेशंटला याचा फायदा होतो, श्वासनलिका मोकळ्या होतात. पण विंचू चावलेल्या, घामाने भिजलेल्या, हातपाय गार पडलेल्या मुलात तीच द्रव्यं आधीच उसळलेली असतात. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ज्या प्राझोसिनने ही उसळी उतरवून दाखवली, त्याच्या नेमकं उलट काम केटामिन करतं. झटके येणाऱ्या, रक्तदाब चढलेल्या गरोदर बाईलाही ते नको. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला नको, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला नको, फुटलेल्या डोळ्यात नको, अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेल्याला नको. डोक्याला मार लागला की केटामिन बंद, हा जुना दंडक मात्र आता ढिला झाला आहे. श्वास नीट चालवला जात असेल तर मेंदूतला दाब त्याने घातक वाढतो असं दिसत नाही.

रक्तस्रावाने खचलेल्या पेशंटला केटामिन चांगलं, हे अर्धंच सांगितलं जातं. रक्तदाब टिकतो तो शरीराच्या साठ्यातल्या अ‍ॅड्रेनालीनच्या जोरावर. तासभर रक्त वाहून तो साठा संपला असेल तर केटामिन थेट हृदयालाच मंद करतं आणि दाब कोसळतो. अशा वेळी डोस निम्मा किंवा त्याहून कमी, ६० किलोच्या माणसाला ३० मि.ग्रॅ.पासून सुरुवात, आणि सोबत सलाईन व रक्त चालू. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात भुलीचं खास प्रशिक्षण घेतलेले एमबीबीएस डॉक्टर हे औषध वापरतात. त्यांच्या उजळणी वर्गात हा मुद्दा पहिल्या तासाला यावा.

एकाच सिरिंजमध्ये डायझेपाम किंवा थायोपेंटोन कधी मिसळू नये, दही झाल्यासारखा साका येतो. दोन औषधांमध्ये नळी सलाईनने धुवायची.

उठताना काय होतं, याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. मोठ्या माणसांमध्ये दहापैकी एक-दोघांना भीतिदायक भास होतात, रडू येतं, हात झाडले जातात. मुलांना कमी. सावकाश १-२ मि.ग्रॅ. मिडाझोलाम हे शांत करणारं औषध दिलं तर मोठ्यांमधलं हे बरंच कमी होतं. मुलांना ते सरसकट नको, श्वास दबतो. पण औषधाहून जास्त उपयोग देण्याआधीच्या दोन मिनिटांचा होतो. पेशंटच्या उशाशी बसून, त्याच्या बोलीत, ‘मामा, डोळे मिटा, आपल्या शेतात विहिरीपाशी बसलाय असं समजा’ एवढं सांगितलं तरी तो कशा मनाने गेला आणि कशा मनाने उठणार हे ठरतं. आणि उठताना? दार उघडून चार नातेवाईक आत येतात, गालावर चापट्या मारतात, ‘बाळा उठ, मला ओळखलं का?’ म्हणून हाका मारतात. उजेड, गोंगाट, स्पर्श, तिन्ही एकदम. मग पेशंट झोंबतो, आणि नाव औषधाचं खराब होतं. कुशीवर झोपवून, मंद उजेडात, आईला शेजारी गप्प बसवून, एक सिस्टर बोटावरच्या ऑक्सिमीटरवर आणि छातीवर नजर ठेवून बसली तर दहातले नऊ शांत उठतात. नजर छातीवर हवी, कारण ऑक्सिजन चालू असताना श्वास थांबला तरी आकडा दीड-दोन मिनिटं चांगलाच दिसत राहतो.

म्हणून आमची दुसरी मागणी माणसाची आहे. शिवणारा किंवा कापणारा डॉक्टर आणि केटामिन सांभाळणारा एकच असू नये. दुसरी व्यक्ती डॉक्टरच हवी असा हट्ट नाही. बॅग-मास्क येणारी, जबडा उचलता येणारी प्रशिक्षित सिस्टर चालेल, पण त्या अर्ध्या तासात तिच्यावर दुसरं काम नको. आणि घरी सोडताना मूल आधार देऊन चालतं का, आधीसारखं बोलतं का, पाणी पिऊन उलटी होत नाही ना, हे पाहूनच सोडावं. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये डुलक्या घेणारं मूल बसवून वीस किलोमीटर पाठवणं हा त्या उपचाराचाच भाग धरला पाहिजे, आणि तो बंद झाला पाहिजे.

किल्लीबद्दल एवढंच: रात्रपाळीला किल्ली त्या पाळीच्या इनचार्ज सिस्टरकडे, हस्तांतराच्या नोंदीसह असावी. फार्मासिस्ट किल्ली घेऊन गावाला गेला आणि मोडलेल्या मांडीचं माणूस सकाळपर्यंत विव्हळत पडलं, असं होऊ नये. कुलूप हवंच, पण ते पाच मिनिटांत उघडणारं हवं.

तपासणीच्या तक्त्यात एक प्रत्यक्ष चाचणी घाला. रजिस्टरवर सही करण्याआधी ड्युटीवरच्या सिस्टरला, शक्य असेल तर रात्रपाळीच्या, एवढंच सांगा: ‘१२ किलोचं मूल आहे, शिरेतून केटामिन भरून दाखवा.’ कुपीऐवजी सलाईनची २ मि.लि. अँप्युल द्या. ती मिलिग्रॅममध्ये बोलते की सीसीमध्ये, आठ मि.लि. सलाईन ओढते का, सिरिंज उलटीपालटी करते का, चिकटपट्टीवर लिहिते का, आणि भरण्याआधी मुलांचा मास्क व बॅग शोधून शेजारी ठेवते का, ते पाहा. ती १.८ मि.लि. वर थांबली तर पुढच्या दवाखान्यात जा. नाही थांबली तर तिला रागावू नका, त्याच टेबलावर बसून तिला पुन्हा एकदा भरायला लावा.

आपले,
मराठवाड्यातील ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत भूल देणारे डॉक्टर